मांडवकरांनी ऐकलेलं ऑफिस

मांडवकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातच होते. त्यांची मुलगी म्हणाली, "बाबांनी सकाळी चहा घेतला, जरा पडतो म्हणाले, आणि..."

दत्ताराम मांडवकर आमच्या कंपनीचे टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून अंध. हातखंब्याच्या रस्त्यावरच्या आमच्या तीन मजली ऑफिसात ते काठीशिवाय फिरत. पायऱ्या, वळणं, केबिनची दारं, सगळं त्यांच्या पायांना पाठ होतं. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनीच मला माझ्या टेबलापर्यंत पोचवलं होतं. तेव्हापासून मी त्यांची 'बाय'. पुढे प्रशासनाची प्रमुख झाले, तरी बायच.

काही वर्षांपूर्वी ऑफिस नव्याने करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. केबिन पाडायच्या, टेबलांना चाकं लावायची, ठरलेली जागा कुणालाच नाही; रोज हवं तिथे बसायचं. टेलिफोनची बंद खोलीही गेली. मांडवकरांना हेडफोन देऊन कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकायचं काम दिलं. नव्या ऑफिसातल्या पहिल्याच सकाळी ते दारातून आत आले, रोजच्या सवयीने भराभर चालू लागले आणि कुणीतरी वाटेत ओढून ठेवलेल्या टेबलावर आपटले. गुडघा फुटला. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही हात पुढे धरून ते जागच्या जागी उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं चाचपडताना पाहिलं नव्हतं. नकाशा करताना मी सगळ्यांचा विचार केला होता... त्यांचा सोडून.

"काका, दाराजवळ तुमची पक्की जागा करून देते," मी म्हटलं. ते रागावलेच. "सगळे फिरणार नि मी कोपऱ्यात? नको गो बाय. रविवारी ये, मला ऑफिस दाखव."

रविवारी रिकाम्या ऑफिसात ते टाळ्या वाजवत फिरले. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "इथे काचेवरून आवाज उलटा येतो. बसणाऱ्याला दिवसभर समोरच्याचे फोन ऐकावे लागतील." त्याच जागेबद्दल आठवडाभर कुरकुर चालली होती, आणि कारण कुणालाच सांगता येत नव्हतं! तिथे जाड पडदे लावले. दारापासून खिडक्यांपर्यंत आणि पुढे जेवणाच्या खोलीपर्यंत, त्यांनी सांगितलं तशी, काथ्याची पट्टी अंथरली. तिच्यावर काही ठेवायचं नाही, एवढा एकच नियम केला.

मग मांडवकर रोज नव्या टेबलावर बसू लागले. "इतकी वर्षं तुम्ही सगळे मला फोनवरच भेटलात," एकदा जेवताना म्हणाले. "आता कुणाच्या डब्यात काय आहे, तेसुद्धा कळतं." निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो आनंद पुरेपूर घेतला.

परवा पालीला त्यांच्या घरी जाऊन आले. काकी सांगत होत्या, "घरात तीस वर्षं साधा पाट हलवू दिला नाही मला. तुमचं ऑफिस बदललं, नि एक दिवस येऊन म्हणतात, कॉट मागच्या पडवीत घे, वारा येतो का बघू. मग काय, थंडीत माजघरात, उन्हाळ्यात पडवीत... ठेचा मलाच लागायच्या!" आणि त्या हसल्या. रडून झाल्यावरचं, मोकळं हसणं.

कॉट अजून पडवीतच होती. पावसाची झड यायच्या आत ती घरात घ्यायला हवी होती. आम्ही दोघींनी उचलली.

"माजघरात ना?" मी विचारलं.

"नको," काकी म्हणाल्या. "पुढच्या खिडकीपाशी ठेवू. तिथे झोपून बघायचं राहिलं त्यांचं."