राजीनामा केला की दिला

माझी पुस्तकं खपतात. खऱ्या घडलेल्या गोष्टी शोधायच्या, त्यातल्या माणसांना भेटायचं आणि पदरचं काही न घालता ते सगळं कादंबरीसारखं लिहायचं, हा माझा धंदा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोकणातल्या एका खाडीत बुडालेल्या तरीवर मी पहिलं पुस्तक लिहिलं. त्याच्या भराभर आवृत्त्या निघाल्या, लग्नामुंजीत अनोळखी बायका ‘तुम्हीच ना त्या?’ म्हणून थांबवू लागल्या, आणि मला एकेरीत हाक मारणारे प्रकाशक ‘अहो बाई’ म्हणू लागले.

मुळात मी संशयी. आई म्हणायची, हिला आरशातलं स्वतःचं तोंडही खरं वाटत नाही. घरात हा स्वभाव सगळ्यांना जाचायचा, धंद्यात मात्र तो कामी आला. कुणी काही सांगितलं की पहिला विचार मनात येई तो, हा मला हे का सांगतोय? म्हणून मी एक नियमच करून टाकला होता: दोन तोंडं आणि एक कागद. निरनिराळ्या दोन माणसांनी तीच गोष्ट सांगितली आणि एखाद्या कागदात ती सापडली, तरच ती माझ्या पुस्तकात जायची. एरवी वहीत तिच्यापुढे लाल पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह राहायचं.

दुसऱ्या पुस्तकासाठी मी बनारसला गेले. बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेल्या मराठी माणसांच्या वस्तीत, एक लहानशी पोथीशाळा होती. काही वर्षांपूर्वी तिथून अकरा हस्तलिखित पोथ्या नाहीशा झाल्या. व्यवस्थापकांनी पोथ्या सांभाळणाऱ्या गुरुजींवर आळ घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि एक दिवस सगळं एकदम थंड झालं. कुणाला शिक्षा नाही, कुणाची माफी नाही. पोथीशाळेलाही पुढे कुलूप लागलं आणि पोथ्या दुसऱ्या एका मोठ्या संग्रहात गेल्या. एवढं ऐकल्यावर माझ्यासारखीला झोप कशी लागणार? पाणी कुठेतरी मुरत होतं.

लागोपाठ दोन हिवाळे मी तिथे काढले. माणसं अतिशय गोड बोलायची. ‘या न, बसा न, चहा पिऊन जा’ असं दर दारात व्हायचं आणि पोथ्यांचा विषय काढला की कुणाच्या तरी पूजेची वेळ व्हायची. जितका आग्रह जास्त तितका माझा संशय जास्त. एका घरात दोनदा कचोरी वाढली तेव्हा तर मी मनाशी म्हटलं, हे नक्की काहीतरी लपवताहेत.

गुरुजी ऐंशीच्या पुढचे होते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी त्यांना सांभाळायची. ती माझ्याच वयाची, मला ताई म्हणायची. गुरुजी पोथ्यांबद्दल तासन्‌तास बोलत. कोणता कागद घोटलेला, कोणती शाई काजळाची, वाळवी कोणत्या कोपऱ्यातून शिरते, सगळं. चोरीचं विचारलं की म्हणत, “ते झालं. मी शब्द दिलाय, त्यावर बोलणार नाही.” आणि मग, “पुस्तक झालं की मला ऐकवा बरं का.” शब्द कुणाला दिला, हे काही सांगेनात. मी वहीत लिहिलं: टाळतात. दोनदा अधोरेखित केलं.

शेवटी मुलगीच बोलली. स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती, मीही चार शेंगा हातात घेतल्या. “केस चालली थोडे दिवस,” ती म्हणाली, “मग बाबांनी राजीनामा केला. खतम झालं.”

“राजीनामा?” मी विचारलं.

“हो न. मग कधी ती बात निघाली नाही घरात.”

तिच्या आवाजात खंत नव्हती, उलट सुटल्यासारखं वाटत होतं. मला तेही संशयास्पद वाटलं. खोलीवर येऊन मी वहीत लिहिलं: राजीनामा दिला. ‘केला’चं ‘दिला’ करताना माझा हात क्षणभरही अडला नाही. काशीचं मराठी असंच, हिंदीच्या शेजारात राहून वाकडं झालेलं. मी पहिल्या दिवसापासून त्यांची क्रियापदं मनातल्या मनात सरळ करतच होते.

दुसरं तोंड संकठा घाटावरच्या एका भटजींचं. ते म्हणाले, “हो, झाला न राजीनामा त्यांचा. आता गडे मुर्दे कशाला उखाडता?” मग कागद शोधायला मी पोथीशाळेच्या जुन्या कारकुनाला गाठलं. आढेवेढे घेत त्यांनी एक नोंदवही काढली. त्यात हिंदीत दोनच तुकडे होते: ‘पुस्तकाध्यक्ष का राजीनामा। मुकदमा समाप्त।’ पुस्तकाध्यक्ष म्हणजे गुरुजीच. दोन तोंडं, एक कागद. लाल प्रश्नचिन्ह मी खोडरबराने पुसलं आणि माझा आनंद पोटात मावेना.

पुस्तक गाजलं. नावं बदलली होती, पण बालाजी घाटावर कुणाला नावांची गरज होती? गुरुजींच्या प्रकरणाचा शेवट मी असा केला होता: ‘त्यांनी राजीनामा दिला आणि पुन्हा पोथीशाळेची पायरी चढले नाहीत. निर्दोष माणूस आपली जागा सोडत नाही.’ शेवटचं वाक्य कुणी सांगितलेलं नव्हतं, कुठल्या कागदातही नव्हतं. ते माझं. वाचक पत्रांतून नेमकं तेच वाक्य मला परत लिहून पाठवत, आणि मी खूश होत असे.

मग बनारसहून आंतर्देशीय पत्र आलं. मुलीचं. ‘पुस्तक मिळालं. मी वाचलं. बाबा रोज विचारतात, मी सांगते अजून आलं नाही. तुम्ही येऊन जा.’ बस, एवढंच. शिवी नाही, रागाचा शब्द नाही. प्रकाशक म्हणाले, नोटीस देण्याआधीची ही चाल आहे, तिथे काही कबूल करू नका, कशावर सही करू नका. मला ते पटलं. सबंध प्रवासभर मी उत्तरं घोकत होते.

मुलीने दार उघडलं. आज ‘बसा न’ नव्हतं. तिने पुस्तक आणलं, पान काढलं आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं.

“बाबांनी जागा कधी सोडली, ताई?”

“राजीनामा दिला असं तुम्हीच सांगितलंत. भटजींनी सांगितलं. नोंदवहीत आहे.” मी घोकलेलं म्हणून दाखवलं.

“मी म्हटलं, राजीनामा केला. दिला कुठे म्हटलं?” ती माझ्याकडे बघत राहिली. “नोकरी सोडायची असती तर इस्तीफा दिला असता न. राजीनामा म्हणजे समझौता. दोन्ही बाजू राजी झाल्या, कागद झाला, केस उठली. तुमच्याकडे काय म्हणतात त्याला?”

“तडजोड,” मी म्हटलं.

मग तिने सगळं सांगितलं. वडिलांनी शब्द दिला होता, तिने नव्हता. पोथ्या व्यवस्थापकांच्या जावयाने नेल्या होत्या. रामनगरच्या एका दुकानातून त्या परत मिळाल्या, अकराच्या अकरा. व्यवस्थापक गुरुजींच्या पायाशी येऊन बसले, आपल्या मुलीचा संसार मोडेल म्हणून रडले. गुरुजी म्हणाले, पोथ्या आल्या, मला आणखी काही नको. आळ मागे घेतल्याचं व्यवस्थापकांनी लिहून दिलं, जावयाचं नाव कुठे घेणार नाही असा शब्द गुरुजींनी दिला, आणि कुलूप लागेपर्यंत ते रोज पोथीशाळेत जात राहिले.

“सगळी गली जाणते,” ती म्हणाली. “म्हणून तर कुणी बोलत नव्हतं. त्या मुलीसाठी.”

दोन हिवाळे मी ज्यांना लबाड समजले ती माणसं एका सासुरवाशिणीला सांभाळत होती. मी शंभर माणसांवर संशय घेतला, माझ्या मराठीवर एकदाही घेतला नाही. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

“पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करते,” मी म्हटलं.

“ते तुम्ही बघा. पण आज बाबांना काय ऐकवणार? तुमचा आवाज त्यांनी ओळखला असेल. पुस्तक आलं हे त्यांना आता कळलंय.”

वरून हाक आलीच. “बाई आल्यात का? वर घेऊन ये, उन्हात.”

गच्चीवर गुरुजी माकडटोपी घालून खुर्चीत बसले होते. मी पाया पडले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला, शिवण चाचपली, नाकाशी नेलं. “बांधणी बरी आहे,” म्हणाले, आणि माझ्याकडे दिलं. “आमचं प्रकरण वाचा. बाकी मग हिच्याकडून ऐकेन.”

मुलगी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. मी पुस्तक उघडलं. समोर माझीच छापील ओळ, आणि ती वाचली तर या माणसाचं उरलेलं आयुष्य चोर म्हणून जाणार. मी वाचायला लागले. पोथ्या गेल्या तो दिवस वाचला, आळ आला तो वाचला, कोर्ट वाचलं. मग नजर पानावर ठेवून पानावर नसलेलं बोलू लागले. पोथ्या परत आल्या, अकराच्या अकरा. आळ घेणाऱ्यांनी तो लेखी मागे घेतला. गुरुजींनी राजीनामा केला, कुणा एकाचं घर वाचवायला ते गप्प राहिले, आणि शेवटच्या दिवसापर्यंत रोज पोथीशाळेची पायरी चढत राहिले. ‘जावई’ हा शब्द मी उच्चारला नाही, ‘रामनगर’ही नाही. पदरचं काही न घालणारी मी आयुष्यात पहिल्यांदा सगळंच पदरचं बोलत होते, आणि तेच तेवढं खरं होतं. माझा आवाज मध्येच फाटला तेव्हा मी खोकला काढला.

वाचून झालं. गुरुजींनी मान हलवली. मला वाटलं, निभावलं. मुलीनेही डोळ्यांना पदर लावला होता.

“छान आहे,” ते म्हणाले. “पोथ्या परत आल्या, राजीनामा झाला, पुढची सगळी वर्षं, एवढं सगळं एकाच पानावर मावलं?”

मी पुस्तक मिटलं.

“डोळे गेलेत, बाई. कागदाचा आवाज येतो अजून. कोर्टापर्यंत तुम्ही चार पानं उलटलीत. तिथून पुढे एकही नाही.” त्यांनी हात पुढे केला. “काय छापलंय तिथे?”

मी मुलीकडे पाहिलं. ती जिन्याकडे बघत होती. प्रकाशकांनी सांगितलं होतं, काही कबूल करू नका. मी पान शोधलं आणि जे छापलं होतं ते शब्दन्‌शब्द वाचलं, शेवटच्या वाक्यासकट.

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“हे किती लोकांनी वाचलं?” त्यांनी विचारलं.

माझी पुस्तकं खपतात हे मी आजवर शेकडो जणांना सांगितलं असेल. त्या दुपारी गुरुजींना ते मला सांगावं लागलं.