अक्षय तृतीयेच्या पाटावरचे बटण

किन्हीराजा गावातल्या आमच्या घरी अक्षय तृतीयेला पितरांच्या घागरीशेजारी पाटावर एक पितळी बटण ठेवत. ते माझ्या आईच्या वडिलांचे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात गेले आणि परतले नाहीत. त्यांचा फोटो नाही. आईला भाऊ नाही, म्हणून त्यांची घागर तीच भरते. तिला त्यांची एकच आठवण होती. ते सुट्टीवर आले असताना ती त्यांच्या मांडीवर बसली, कोटाचे बटण ओढले आणि ते तुटून तिच्या मुठीत राहिले.

दरवर्षी चिंचेने घासून बटणावरचे चित्र झिजले होते. वरचे तीन उंचवटे तेवढे दिसत. घरात सगळे त्याला ‘ताज’ म्हणत, म्हणजे इंग्रज राजाचा मुकुट.

गेल्या वर्षी आई म्हणाली, “जलमभर पेपरात काम केलं तू. साऱ्या दुनियेच्या बातम्या छापल्या. माह्या बापाची पलटन कोनती, येवढं नाई सापडत तुले? घागर भरतानी नाव तं घेईन.”

मी मोबाइलवर बटणाचा फोटो काढला आणि वाशीमला एका निवृत्त सुभेदारांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. खाली पुसट उरलेल्या बिगुलावरून पलटण ओळखली. ती इंग्रजांच्या काळापासूनची, ब्रह्मदेशात लढलेली. मग वरच्या तीन उंचवट्यांवर बोट ठेवून ते म्हणाले,

“हा मुकुट नाही. अशोकस्तंभाचे सिंह आहेत.”

इंग्रज असेपर्यंत पलटणीच्या बटणांवर मुकुट होता. देश प्रजासत्ताक झाल्यावर तो काढून सिंह आणले. ब्रह्मदेशात गेलेल्या माणसाच्या कोटाला हे बटण असणे शक्य नव्हते.

आईला सांगितले. तिने बटण हातात घेऊन बराच वेळ फिरवले.

“मायनं आनलं असन कोनाजवळून. मी लय रडो म्हने बापासाठी.”

आजी जाऊन बरीच वर्षे झाली. विचारायला कोणी उरलेले नाही.

बटण माझ्या हातात परत देत आई म्हणाली, “मंग मी कोनाच्या मांडीवर बसली होती रे?”



पलटणीचे नाव मला ठाऊक आहे. ते बटणाच्या मालकाच्या पलटणीचे. आजोबा तिच्यात होते की दुसऱ्या कुठल्या, हे आता कळणार नाही. यंदा आईने ते नाव विचारले नाही. घागर भरताना ती फक्त ‘बाप’ एवढेच म्हणाली.