शेवटची बोली

माझ्या मित्राच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्या बोलीवर सोडली नाही. बाजार समितीत धान्याचा हर्रास पुकारण्यात त्यांची हयात गेली. मूठभर सोयाबीन घेऊन फुंकर मारली की व्यापाऱ्यांच्या आधी त्यांना भाव कळायचा. मुलीला स्थळ आलं, तेव्हा त्यांनी पाहुण्यांच्या देखत "आनखी कोनी हाये का?" असं विचारलं होतं. काकूंना आठवडाभर तोंड लपवावं लागलं.

निवृत्तीनंतर ते विसरू लागले. आधी आम्ही हसलो, मग डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. नातवाचं नाव गेलं, घराची गल्ली गेली, हर्रास तेवढा राहिला. अनसिंगच्या आठवडी बाजारात ते कुणाच्याही वांग्यांमागे उभे राहून बोली पुकारत. भाजीवाल्या आधी कावल्या. गर्दी जमते हे कळल्यावर त्याच "काका, इकडे या" म्हणू लागल्या.

एकदा मात्र ते रेल्वे रुळांच्या कडेनं एकटेच चालताना सापडले. काकू आता राहिल्या नव्हत्या, मित्र आणि त्याची बायको दोघंही दिवसभर कामावर. मित्रानं घराला बाहेरून लावायला कुलूप आणलं. ते कानावर येताच गाव ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जमलं. कुणी गळ्यात फोन नंबरचा बिल्ला सुचवला, कुणी घराला ठळक रंग. सरपंचांनी कॅमेरे सुचवले. ते प्रत्येक प्रश्नावर कॅमेरेच सुचवतात.

मित्र म्हणाला, "थे सारं ठीक हाये. पन दिवसभर त्यायले कोन पाहीन?"

काकाही मित्राशेजारीच बसले होते. समोर गर्दी आणि कुणी बोलेना, हे पाहून काकांना राहवेना. ते उठले आणि हात वर करून खणखणीत आवाजात म्हणाले, "बोला, दिवस कोन घेते?"

न्हाव्यानं सकाळ घेतली. दुकानात खुर्ची रिकामीच असते म्हणाला. काकांनी भुवई उंचावली. "बस, इतकंच? आनखी?" चहावाल्यानं दुपार घेतली. विहारात वाचनालय चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "दुपारनंतर दिवे लागेलोक आमच्याकडे." एक वार, दोन वार, तीन वार झालं. मित्र खाली मान घालून रडत होता. ते कुलूप पुढे कडब्याच्या कोठीला लागलं.

लोक पांगल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं. "सौदा बरा झाला. पन माल कोनाचा होता?"

मी म्हणालो, "आपलाच होता, काका."

त्यांनी रिकामी मूठ उघडून तिच्यावर फुंकर मारली. "मंग सस्त्यात तं नाई ना गेला?"