निळ्या काकूंच्या साली

हात कोपरापर्यंत निळे, म्हणून सारी गल्ली त्यांना निळ्या काकू म्हणे. नवऱ्याच्या पश्चात सूत रंगवण्याचा लहानसा कारखाना त्यांनी एकटीने उभा ठेवला होता. परंतु रंगाचे उरलेले पाणी ओढ्यात जाई आणि खालच्या अंगाला परटिणीच्या पांढऱ्या चादरी निळ्या होत. तिच्या तक्रारीवरून निरीक्षकांनी बजावले : पुढच्या तपासणीपर्यंत पाणी स्वच्छ झाले नाही, तर कारखान्याला टाळे. जाता जाता त्यांनीच सुचवले की, फळांच्या साली पाण्यातला रंग धरून ठेवतात, करून पाहा.

काकूंना परटिणीचा राग आला. पण ती खोटे बोलत नव्हती, हे अधिक बोचत होते.

नणंदेचे रसाचे दुकान शेजारीच होते. तिथल्या संत्र्याच्या साली काकूंनी वाळवल्या, कुटल्या, पिंपात भरल्या आणि वरून रंगाचे पाणी सोडले. खालून आले ते हिरवट आणि गढूळ.

नणंदेला हसू आवरेना. "वहिनी, आता चादरी हिरव्या!"

"हसा वन्सं, हसा. साली तुमच्याच आहेत."

काकूंनी सालीचा कोरा चुरा साध्या पाण्यात चोळला. पाणी पिवळे झाले. जन्मभर त्यांनी कोरे सूत उकळून, धुऊन मगच रंगात घातले होते. साल मात्र कचरा समजून तशीच लोटली होती.

"वन्सं, चुकलंच! पाण्यातून रंग काढायचा नाहीये, साल रंगवायचीय. सुतासारखी!"

चुरा सोड्यात उकळला, नितळ पाणी येईपर्यंत धुतला, वाळवला. या खेपेला साल निळीशार झाली आणि पाणी स्वच्छ उतरले. नणंद नाचायचीच बाकी होती.

"थांबा," काकू म्हणाल्या. "दिसत नाही म्हणून गेलंच, असं कसं म्हणायचं? निरीक्षकांना तपासू दे." रंग सालीत आला म्हणजे नाहीसा झाला नव्हता, हेही त्या विसरल्या नाहीत. वापरलेली साल झाकणाच्या पिंपात वेगळी ठेवून त्यांनी ती निरीक्षकांच्याच हवाली केली.

प्रयोगशाळेचा निकाल चांगला आला. टाळे टळले.

त्या दिवशी परटीण स्वतः आली. काखेतली सर्वांत शुभ्र चादर तिने कारखान्यातल्या, सालीतून उतरलेल्या पाण्याच्या हौदात बुडवली, पिळली आणि दारासमोरच्या दोरीवर टाकली. ती वाळेपर्यंत गल्ली उभी होती. चादर पांढरीशुभ्र राहिली.

भरून आलेल्या काकूंनी चादरीकडे हात नेला.

"अहो, हात नका लावू!" परटीण ओरडली. "आत्ता कुठं पांढरी राहायला शिकलीय!"

सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या काकूच.