लिंबावरून सरळ गेलेली गाडी
सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नागनाथ मिस्त्री शेवटचा नट आवळत होता. राजशेखर मालकांनी आपल्या परदेशी स्पोर्ट्स कारसाठी मुंबईहून रुंद चाकं आणली होती. त्यांची बैठक वेगळी असल्यानं ती मडगार्डच्या दोन बोटं बाहेर आली. रिवाजाप्रमाणे नागनाथनं चाकांखाली लिंबं ठेवून गाडी सरळ पुढे काढली. कुठंच घासलं नाही. त्याची तपासणी नेहमी तिथंच संपायची.

नारळ फोडायला मालक आणि तो त्याच गाडीतून देवळाकडे निघाले. सात रस्ता चौकात वळताना गाडी खड्ड्यात दबली आणि टायर पत्र्याला करकरून घासला. नागनाथनं उतरून हात फिरवला. रबर सोललं होतं.

"मालक, जुनी चाकं चढवू. घाटात वळताना टायर फुटंल."

"लिंबू तुमीच ठेवलं की, मिस्त्री! आता भ्याला व्हय?" मालक हसले. "उद्या सहाला नव्या नवरीला घेऊन तुळजापूरला जायचंय. ह्याच चाकांवर."

"मी पाचलाच गॅरेजात येऊन बसतो. वहिनीसाहेब संगं हायत, एवढं ध्यानात ठेवा."

मालक एकटेच गाडी घेऊन देवळाकडे निघून गेले. नागनाथ चालत परतला आणि त्यानं जुन्या चाकांत हवा भरून ठेवली. त्याचं गॅरेज रोज आठला उघडतं. उद्या ते पाचला उघडणार आहे.