पाण्याखालचे खडक

समुद्राने कोरलेले खडक मी तीस वर्षं फळ्यावर काढले. जळगावच्या शाळेत भूगोल शिकवायचो. खरा समुद्र पाहिला तो निवृत्तीनंतर, तोही अक्काच्या हट्टापायी.

अक्का माझी थोरली बहीण, साक्रीकडच्या आमच्या खेड्यातच राहते. घरी दोघांना शिकवणं झेपत नव्हतं, म्हणून ती चौथीतून गुरं राखायला गेली आणि मी शाळेत राहिलो. गावामागच्या डोंगरावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती आहेत, कुणी रचल्यासारख्या. लोक म्हणतात, राक्षसांनी बांधल्या. जमिनीच्या भेगेत लाव्हा शिरून थिजला, आजूबाजूचा मऊ खडक झिजला आणि भिंत उरली, हे मी तिला कॉलेजात असताना सांगितलं. तेव्हापासून तिला दगडांचं वेडच लागलं. माझ्या एका पुस्तकात हरिहरेश्वरच्या खडकांचं चित्र होतं, मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेल्या. ते खडक एकदा हाताने चाचपायचे, एवढंच तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलं. मी दर सुट्टीत ते पुढच्या सुट्टीवर ढकललं. आता तिचे गुडघे गेलेत.

यंदा शेवटी गेलो. एसट्या बदलून बदलून अंग नुसतं आंबून गेलं होतं. सकाळी सहाला लॉजवर डोळे उघडले तर अक्का आंघोळ करून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

"निंघूत का, भाऊ?"

"अगं, खडक काय पळून जातात का? नाश्ता करून दहाला जाऊ," मी म्हणालो आणि कूस बदलली. तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

दहाला खडकांकडे जाणाऱ्या पायऱ्या उतरलो तर खाली पाणीच पाणी. भरती. चंद्र, पृथ्वी, बाण काढून ती मी शिकवलेली, परीक्षेत हमखास विचारलेली. पण तिची वेळ बघून निघायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. आमच्या तापीला पूर येतो, तो काही दिवसातून दोनदा ये-जा करत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय! परतीची गाडी एकची होती, पाणी त्याआधी उतरणार नव्हतं. हा प्रवास अक्काच्याने पुन्हा होणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पायरीवर बसून मी तिला तोंडीच सगळं सांगितलं. खारं पाणी खडकात मुरतं, सुकताना आत मिठाचे खडे धरतात, दगडाचा कण कण सुटतो, भोकं पडत जातात. आणि हा दगड आपल्याकडच्यासारखाच, लाव्ह्याचा.

"म्हन्जे आपलाच दगड शे," ती पाण्याकडे बघत म्हणाली. मला स्वतःचीच चीड आली.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "अक्का, चुकलंच माझं. कुणाला तरी वेळ विचारायला हवी होती."

"मी इचारं व्हतं ना. काल संध्याकाळी, जेवन वाढनारी बाईले. सातना आत जा, मंग पानी चढस, आशी बोलनी ती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने गुडघा दाबत माझ्याकडे पाहिलं.

"तू दहा बोलना. तू शिकेल शे, भाऊ. मी काय सांगू तुले?"