सुनीलच्या हातावरचा क्रूस

आमचं युनिट तेव्हा उत्तर सिक्कीमला होतं. आम्ही सॅपर, म्हणजे फौजेतले इंजिनिअर. काम रस्त्याचं. डोंगर खाली यायचा, आम्ही तो बाजूला सारायचो, आठवड्यात तो परत यायचा. मी हवालदार, लोहा तालुक्यातला. माझ्या सेक्शनला लान्स नायक सुनील गायकवाड होता, रेणापूरकडचा. डोझर चालवायचा. प्लाटूनमध्ये मराठवाड्याचे आम्ही दोघंच, त्यामुळं ‘लई’ आणि ‘हाव’ ऐकायला मिळायचं ते एकमेकांकडूनच.

एकदा सुट्टीवरून परत येताना सुनील सिलिगुडीला थांबला आणि टॅटू काढून आला. डावा हात, मनगटापासून कोपरापर्यंत, आतल्या बाजूनं. उजवा हात सलामीचा, तो मोकळा ठेवायचा, एवढी अक्कल त्यानं वापरली होती. तरी हजेरीच्या फॉल-इनला सुभेदार साहेबांनी त्याला बाही वर करायला लावलीच.

"ये क्या है, गायकवाड?"

"क्रॉस है, साब. केल्टिक."

"इसमें तो गांठ ही गांठ है. खुलेगी कैसे?"

"नहीं खुलती, साब."

"सॅपर की गांठ खुलनी चाहिए," साहेब म्हणाले आणि पुढं गेले. नियमात बसत होतं, त्यामुळं विषय संपला.

संध्याकाळी चहाला मी त्याचा हात धरून नीट बघितला. उभा क्रूस, मधोमध गोल कडं, आणि आत सगळीकडं दोरीसारखी वेणी.

"भिंतभर नमुने होते तिथं," सुनील म्हणाला. "एक साधा, लांब दांड्याचा, आमच्या चर्चवर हाय तसा. एक खाली तीन पायऱ्यांचा. विश्वास, आशा, प्रीती. एकाचे चारी हात सारखे. आन ह्यो आयर्लंडकडचा."

"मधी कडं कशाला?"

"दुकानदार म्हणला, कुणी त्याला सूर्य म्हणतं, कुणी म्हणतं देवाच्या मायेला शेवट न्हाई म्हणून गोल. मला तर बैलगाडीचं चाक दिसलं. आज्जा आठवला, घेतला काढून."

"आन ह्या गाठी?"

"एका दोरीवर बोट ठेव. शेवट सापडला तर माझी आजची रम तुझी."

मी बोट फिरवत बसलो. वरून, खालून, परत वरून, आणि जिथून निघालो तिथंच आलो. रम त्यानंच प्याली, माझ्याकडं बघत बघत.

मला त्या टॅटूचं नवल नव्हतं. माझ्या आईच्या मनगटावर पाच ठिपक्यांची फुली होती, ती तिचे पाच पांडव. आमच्याकडं बायका म्हणायच्या, सोनं लेकी-सुनांना राहतं, गोंदण तेवढं आपल्याबरोबर येतं. हे सुनीलला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "माझी आई बी हेच म्हणती."

त्या वर्षीच्या पावसाळ्यात एका सकाळी रस्ता तुटला. पलीकडं सिव्हिलच्या गाड्या अडकल्या, त्यात एक ॲम्ब्युलन्स. बाळंतीण आहे, असा निरोप आला. सुनील डोझर घेऊन पुढं गेला. मी वरच्या वळणावर, डोंगरावर नजर ठेवायला, हातात रेडिओ सेट.

"अल्फा टू, वर दगड हलतोय. मागं घे. ओव्हर."

"अल्फा टू. एक ब्लेड माती राहिली. ॲम्ब्युलन्स निघंल. ओव्हर."

"सुनील, मागं घे."

"एकच. आउट."

ॲम्ब्युलन्स निघाली. त्यानंतर डोंगर आला. दुपारपर्यंत आम्ही खणत होतो. सापडला तेव्हा सुभेदार साहेबांनी स्वतः बाटलीतल्या पाण्यानं त्याच्या हातावरचा चिखल धुतला. मी रडलो. हवालदार रडला म्हणून पट्ट्या उतरवत नाहीत.

शवपेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून मला पाठवलं. नांदेडला विमानातून उतरवून पेटी आर्मीच्या गाडीत ठेवली, सोबत सलामीच्या गार्डचे जवान. लोह्याला रस्त्याच्या कडेला माझी बायको उभी होती, हातात शेवंतीची फुलं. गाडी थांबली नाही. तिनं फुलं टाकली आणि पदर डोक्यावरून घेतला.

रेणापूरला शाळेच्या मैदानावर हजारो माणसं. मधोमध नवा सिमेंटचा चबुतरा, वर रचलेली लाकडं, शेजारी तुपाचे डबे. लोकांनी समिती नेमून एका दिवसात बांधलं होतं, मनापासून. गायकवाड नाव वाचलं आणि चिता रचली. तालुक्याच्या गावात कोण त्याला ओळखत होतं? त्याच्या खेड्यातली दहा-पंधरा घरं ख्रिस्ती, ती माणसं कडेला गप उभी. आपल्याला कोण विचारतं, या हिशेबानं.

चबुतऱ्यामागं मोठा फ्लेक्स होता. सुनीलचा बाह्या सारलेला फोटो. हात कोरा. मी जवळ जाऊन बघितलं. क्रूस नव्हता.

"टॅटू कुठं गेला?" मी विचारलं.

समितीतला एक जण म्हणाला, "शहिदाच्या हातावर बरं दिसत न्हाई, म्हणून एडिट करून घेतला."

डोक्यात तिडीक गेली. पण वर्दीत होतो. समितीचे अध्यक्ष नाना पुढं आले, त्यांना बाजूला घेतलं.

"नाना, सुनील ख्रिस्ती होता. दफन करायचं आहे."

नानांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. "हवालदारसाहेब, सगळी तयारी झाली. साहेब लोक निघालेत लातुरातून. आन पोरगा देशासाठी गेला, आता एका धर्माचा कुठं राहिला? सगळ्यांचा झाला."

"सगळ्यांचा झाला म्हणून आईचा राहिला नाही का?"

"तसं न्हाई. त्यांची दफनभूमी इथंच, पण ओढ्यापलीकडं हाय. गाडी जात न्हाई, चिखल हाय."

"खांद्यावर जाईल."

"लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते मला म्हणू द्या. आईच्या मर्जीशिवाय मी पेटी खाली उतरवणार नाही."

सुनीलची आई, शांतामावशी, पेटीला हात लावून बसली होती. नाना तिच्यासमोर वाकले. "मावशी, तुम्ही आधी का न्हाई बोललात?"

"इचारलं कुठं कुणी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "लेकरानं हातावर काढून ठिवलं व्हतं, त्यो कोण हाय ते. तुम्ही ते बी पुसलं."

नानांनी माइक घेतला आणि एवढंच बोलले, "चूक झाली. ओढ्याकडं चला." कुरकुर झाली, थोडी शिवीगाळही झाली. एक जण माझ्या अंगावर आला. मी जागचा हललो नाही.

आम्ही सहा जवानांनी पेटी खांद्यावर घेतली. ओढ्यात गुडघाभर चिखल होता. ज्या पोरांनी लाकडं रचली होती, त्यांनीच पुढं पळत जाऊन खड्डा खणायला घेतला. पास्टरांनी प्रार्थना केली, गार्डनं फैरी झाडल्या. मावशीनं तिरंग्याची घडी छातीशी धरली आणि मला म्हणाली, "तू जेवून जा."

आता मी रिटायर आहे. मावशीही गेली. चबुतऱ्यावर स्मारक झालंय, पंधरा ऑगस्टला तिथं हार पडतात, भाषणं होतात. दर वर्षी मला स्टेजवर बसायला बोलावतात. मी जात नाही. लोक म्हणतात, हवालदाराला लई माज आहे. असेल. त्या चबुतऱ्याखाली कुणी नाही. हार घालायचा असेल तर बूट काढा आणि ओढा ओलांडून या. लान्स नायक सुनील गायकवाड तिकडं आहे, आईच्या शेजारी.